सगळ्यांनी मागितलं, अडून कुणी बसलं नाही: स्पॉटिफायच्या लॉसलेसची साडेचार वर्षं

२२ फेब्रुवारी २०२१ रोजी स्पॉटिफायने जाहीर केलं की त्याच वर्षी 'हायफाय' नावाची नवी श्रेणी येणार. आवाज सीडीच्या तोडीचा, कुठलीही काटछाट न केलेला, म्हणजेच 'लॉसलेस'. घोषणेच्या व्हिडिओत गायिका बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनियस होते. कंपनीने कारणही दिलं होतं: श्रोते ज्या सोयी सतत मागत असतात, त्यांत चांगल्या दर्जाचा आवाज कायम असतो.

२०२१ सरलं, हायफाय आलं नाही. २०२२ उजाडताच कंपनीने एवढंच सांगितलं की तारीख अजून देता येत नाही. २०२३ मध्ये कंपनीचे सहअध्यक्ष गुस्ताव सॉडरस्ट्रॉम एका मुलाखतीत म्हणाले की मधल्या काळात हा धंदाच बदलला, त्यामुळे आम्हालाही विचार बदलावा लागला. शेवटी १० सप्टेंबर २०२५ रोजी ही सोय आली. नाव नुसतं 'लॉसलेस', आणि प्रीमियम सदस्यांना जादा पैसे न घेता.

स्पॉटिफायने शब्द पाळला नाही, हे उघड आहे. त्याहून रंजक गोष्ट दुसरीच आहे. घोषणेनंतर तीन महिन्यांच्या आत, १७ मे २०२१ रोजी, ॲपल आणि ॲमेझॉन या दोघांनीही आपापल्या संगीतसेवेत लॉसलेस आवाज फुकटात देत असल्याचं एकाच दिवशी जाहीर केलं. म्हणजे जी गोष्ट स्पॉटिफायचे श्रोते मागत होते, ती शेजारीच, जवळपास त्याच पैशांत मिळू लागली. मग श्रोते तिकडे जायला हवे होते. २०२० च्या अखेरीस स्पॉटिफायचे पैसे भरणारे सदस्य १५.५ कोटी होते. २०२५ च्या जूनअखेर ते २७.६ कोटी झाले, आणि या काळात कंपनीने अनेक देशांत दरही वाढवले.

या आकड्यांवरून "लोकांना फरक कळतच नाही" असा निकाल झटकन देता येतो, आणि तसा तो दिलाही जातो. पण आकडे एवढंच सांगतात की लोक गेले नाहीत. का गेले नाहीत, ते सांगत नाहीत. वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्ट, ॲपला ओळखीची झालेली आवड, घरातल्या सगळ्यांचं एकत्र खातं, हे सोडून जायला आवाजापेक्षा मोठं कारण लागतं. तेव्हा प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत: फरक ऐकू येतो का, आणि ऐकू आला तरी त्याने कुणाचं काही अडतं का.

गाळलेलं काय होतं

सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. दोन चॅनेल धरले तर सेकंदाला १,४११ किलोबिट होतात. स्पॉटिफायवर २०२५ पर्यंत सर्वात वरची पातळी होती ३२० किलोबिट, म्हणजे सीडीच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. 'तीन-चतुर्थांश गाणं गायब' असा प्रचार याच आकड्यावर चालतो, आणि तो दिशाभूल करणारा आहे.

कारण गाळणी आंधळी नसते. कमी बिटांत आवाज मावेल अशी तंत्रं गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत तयार झाली. एमपी३ वर सर्वात जास्त काम जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत झालं, कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांच्या पुढाकाराने. या सगळ्याचा पाया कानाच्या एका सवयीवर आहे. एखादा जोरकस स्वर वाजत असताना त्याच्या आसपासच्या वारंवारतेचा हलका आवाज कानाला जाणवत नाही. जोरकस स्वर थांबल्यावरही क्षणभर ही झाकण मारल्यासारखी अवस्था टिकते. कोडेक, म्हणजे आवाज दाबून पुन्हा उलगडणारं तंत्र, दर काही मिलिसेकंदांच्या तुकड्यात काय झाकलं जाणार याचा अंदाज बांधतो आणि तिथे बिटांची काटकसर करतो. म्हणजे गाळलं जातं ते बहुतांशी असं, जे फाइलमध्ये असतं तरी कानापर्यंत पोचलं नसतं.

अंदाज चुकतो कुठे, हे बघितलं की कोणता फरक ऐकायचा हे कळतं. कॅस्टनेटचा, म्हणजे हातात धरून वाजवायच्या लाकडी टाळांचा, सुटा ठोका घ्या. ठोक्याआधी पूर्ण शांतता, मग अचानक टोकदार आवाज. कोडेकने काटकसर केल्यामुळे जी बारीक खरखर तयार होते ती पूर्ण तुकडाभर पसरते, म्हणजे ठोका पडण्याच्या आधीही थोडी येते. ठोक्याची धार त्यामुळे बोथट वाटते, जणू कुणी आधी 'फस्' करून मग मारलं. टाळ्यांच्या कडकडाटात, झांजेच्या पसरत जाणाऱ्या सळसळीत अशा जागा सापडतात. कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला कमी बिट खर्च केले तर, झांज पाण्यातून वाजल्यासारखी भोवऱ्यात फिरते. ९६ किलोबिटला हे बऱ्याच जणांना ऐकू येतं, सांगावं लागत नाही. १६० ला शांत खोलीत, बऱ्या हेडफोनवर, ओळखीच्या गाण्यात सापडतं. ३२० ला पोचेपर्यंत ते शोधावं लागतं, आणि शोधणारा सरावलेला असला तरी त्याला नेमकी जागा ठाऊक असावी लागते.

त्यामुळे 'दर्जातला फरक' हा एकच फरक समजणं बरोबर नाही. ९६ वरून १६० वर जाणं आणि ३२० वरून लॉसलेसवर जाणं, या दोन गोष्टींची तुलनाच होऊ शकत नाही. हायफायची सारी चर्चा मात्र दुसऱ्या पायरीभोवती फिरली.

डोळे झाकून ऐकलं तर

त्या पायरीच्याही वरची पायरी, म्हणजे सीडीच्या पलीकडचा 'हाय-रेझोल्यूशन' आवाज, नीट तपासली गेली आहे. २००७ मध्ये ई. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. उच्च दर्जाच्या डिस्क वाजवायच्या आणि मध्येच, श्रोत्याला न सांगता, तो आवाज सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या गाळणीतून काढायचा. ऐकणाऱ्यांत आवाजक्षेत्रातले व्यावसायिक होते, विद्यार्थी होते, हौशी होते. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी असंच काहीसं आलं असतं.

त्यावर अर्थातच वाद झाले. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. साडेबारा हजारांहून जास्त चाचण्यांत बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे पन्नासपेक्षा निश्चित जास्त आहे, आणि प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांत ते आणखी वाढतं. म्हणजे काहीतरी आहे. पण कामावरून घरी जाताना गाणी लावणाऱ्या माणसासाठी शंभरात बावन्न याचा अर्थ काय, हे संख्याशास्त्र सांगत नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं.

असं असताना माणसं शपथेवर सांगतात की लॉसलेस लावल्यावर पडदा बाजूला झाला. ती खोटं बोलत नसतात. बहुतेक वेळा दोन गोष्टी घडलेल्या असतात. पहिली आवाजाच्या पातळीची. दोन नमुन्यांत अर्धा डेसिबलचा फरक असेल तर तो 'मोठा' म्हणून जाणवत नाही. तो 'मोकळा', 'भरीव', 'स्पष्ट' म्हणून जाणवतो. म्हणूनच गंभीर चाचणीत दोन्ही बाजू ०.१ डेसिबलपर्यंत जुळवून घेतात. दोन वेगवेगळ्या ॲपवर तेच गाणं लावून तुलना करणारा हे कधीच करत नाही. स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाजाचा जोर मोजायचं एकक) या पातळीवर आणून ठेवतं. दुसऱ्या ॲपमध्ये ती सोय बंद असेल तर तेच गाणं तिथे सरळ जोरात वाजतं, आणि जोरात वाजलेलं जिंकतं.

मी ओळखीतल्या काही जणांवर हा खेळ करून पाहिला आहे. दोन्ही वेळा तीच फाइल, फक्त एकीचा आवाज जरासा वर. मग विचारायचं, महागडी कोणती? उत्तरं इतक्या आत्मविश्वासाने येतात की खरं सांगायला जीभ धजत नाही. एकाने तर वरच्या आवाजातल्या फाइलमध्ये गायकाचा श्वासही 'नव्याने' ऐकला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं: आवाज वाढवला की श्वास ऐकू येतोच.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी एका स्पीकर कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडूनच स्पीकरना गुण घेतले, आधी पडद्याआड आणि मग समोर ठेवून. स्पीकर दिसू लागल्यावर गुण बदलले. देखण्या, मोठ्या, स्वतःच्या कंपनीच्या स्पीकरना झुकतं माप मिळालं. रोज हेच काम करणाऱ्यांची ही गत, तर स्क्रीनवर 'लॉसलेस' अशी पट्टी दिसल्यावर आपल्या कानांनी तटस्थ राहावं अशी अपेक्षा जरा जास्तच आहे.

फाइल ते कान

या प्रकरणातला सर्वात बोलका भाग स्पॉटिफायच्या सप्टेंबर २०२५ च्या घोषणेतच होता, फक्त तो ठळक अक्षरांत नव्हता. लॉसलेसचा खरा अनुभव घ्यायचा तर वायफायवर, वायरचे हेडफोन किंवा ब्लूटूथ सोडून दुसऱ्या मार्गाने जोडलेले स्पीकर वापरा, असा सल्ला कंपनीने दिला होता. ब्लूटूथमध्ये तेवढा आवाज मावत नाही. शिवाय ही सोय आपोआप सुरू होत नाही. प्रत्येक उपकरणावर सेटिंगमध्ये जाऊन हाताने लावावी लागते.

ब्लूटूथच्या वाटेवर काय होतं ते पाहा. फोनला लॉसलेस फाइल मिळते. फोन ती उलगडतो. मग इअरबडकडे पाठवण्यासाठी तीच पुन्हा दाबतो, यावेळी ब्लूटूथच्या कोडेकने. सगळ्या उपकरणांना सक्तीचा असलेला कोडेक म्हणजे एसबीसी, आणि त्याची नेहमीची वरची मर्यादा ३२८ किलोबिटच्या आसपास. ॲपलची उपकरणं एएसी वापरतात. सोनीचा एलडॅक ९९० पर्यंत जातो, पण सिग्नल डळमळला की ६६० वर, मग ३३० वर उतरतो. खिशात फोन ठेवून गर्दीत चालणाऱ्याला ९९० किती वेळ मिळत असेल याचा अंदाज करता येतो. म्हणजे दारापर्यंत पूर्ण माल येतो आणि दारातच पुन्हा गाळला जातो. एक फायदा मात्र मान्य करायला हवा: मूळ फाइल लॉसलेस असेल तर गाळणी दोनदा न होता एकदाच होते. कागदावर हा फायदा खरा आहे. कानावर तो पडणं अवघड.

२०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक गेलं आणि पाठोपाठ बहुतेक फोनमधून जाऊ लागलं. म्हणजे ज्या काळात कंपन्या वायरशिवाय निरर्थक ठरणारी सोय फुकट वाटू लागल्या, नेमक्या त्याच काळात वायर लावायची जागा नाहीशी होत होती. ॲपलने तर आपल्या मदतपानावरच प्रांजळपणे लिहिलं की एएसी आणि लॉसलेस यांच्यातला फरक जवळजवळ ओळखू येण्यासारखा नाही. मग दिलं कशाला? शर्यतीत मागे दिसू नये म्हणून, असं माझं मत.

आणि अजून ऐकण्याची जागा आलीच नाही. सीडीच्या १६ बिटांत सर्वात हलका आणि सर्वात मोठा आवाज यांत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. धावत्या बसमध्ये साठ-सत्तर डेसिबलचा गोंगाट आधीच हजर असतो. गाण्यातली हलकी बाजू त्याखाली बुडते. ती वर काढायची तर आवाज अशा पातळीवर न्यावा लागतो जिथे काही तासांत कानांचं नुकसान सुरू होतं. जागतिक आरोग्य संघटना सुरक्षित मर्यादा सांगते ती ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. अशा वेळी गोंगाट दाबणारा साधा हेडफोन ३२० किलोबिटच्या गाण्याला जितकं वर आणतो, तितकं कुठलीही फाइल आणू शकत नाही. इअरबडचं रबर कानात नीट बसलं नाही तर खालचे स्वर निसटतात, तबला किंवा बास गिटार पोकळ वाजू लागते. हा फरक ओळखायला सराव लागत नाही, पडद्याआडची चाचणी लागत नाही. रबराचा माप बदलला की कोणालाही कळतो.

ऐकणाऱ्यांनी हाक मारली तेव्हा

सामान्य श्रोत्याचे कान जाड असतात, असा सूर आवाजवेड्यांच्या गप्पांत नेहमी असतो. त्याला एक चोख उत्तर २००८ मध्ये मिळालं. मेटॅलिका या रॉक बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम सप्टेंबरमध्ये आला. त्याच वेळी तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओगेमसाठीही आली. चाहत्यांच्या लक्षात आलं की सीडीवरचा आवाज चिरडलेला, फाटलेला आहे आणि गेममधला मोकळा. मास्टरिंग, म्हणजे गाण्याची अंतिम प्रत तयार करताना सगळं जोरात वाजावं म्हणून सीडीवरच्या चढउतारांना वरून दाबून सपाट केलं होतं. गेमसाठी गेलेल्या ट्रॅकना ते सोसावं लागलं नव्हतं. हजारो चाहत्यांनी अल्बम पुन्हा मिक्स करावा म्हणून याचिकेवर सह्या केल्या.

इथे सीडी होती, १,४११ किलोबिट पूर्ण होते, लॉसलेस म्हणतात ते सगळं होतं. आवाज तरीही वाईट होता, आणि तो वाईट आहे हे गेम खेळणाऱ्या पोरांनी ओळखलं. म्हणजे कान जाड नव्हते. बिटरेटच्या भांडणात उत्साह न दाखवणारे हेच कान मास्टरिंगमधली चूक मोजक्या दिवसांत पकडतात. लॉसलेस आवाज सपाट केलेल्या मास्टरची अगदी निष्ठेने नक्कल करतो, यापलीकडे तो काही करू शकत नाही.

उलट बाजूची उदाहरणं तर रांगेने उभी आहेत. १९९९ मध्ये साध्या सीडीहून वरच्या दर्जाची सुपर ऑडिओ सीडी आली, तिच्या मागोमाग डीव्हीडी-ऑडिओ. दोन्ही हौशी लोकांच्या कपाटात राहिल्या. २००३ मध्ये आयट्यून्स स्टोअर १२८ किलोबिटच्या फाइली विकू लागलं आणि फेब्रुवारी २००६ पर्यंत १०० कोटी गाणी विकून मोकळं झालं. २०१४ मध्ये गायक नील यंग यांनी पोनो हा खास प्लेअर आणला. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर त्यासाठी ६० लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली, म्हणजे मागणी कागदावर नव्हे, रोख होती. तीन वर्षांत पोनो आटोपला. मागणारे प्रामाणिक होते. फक्त ते फार थोडे होते, आणि खिशात दुसरं उपकरण बाळगण्याइतका फरक त्यांनाही रोज जाणवत नसावा.

स्पॉटिफायच्या श्रोत्यांनीही मागणी प्रामाणिकपणेच केली, असं मला वाटतं. 'तुम्हाला काय हवं?' असं विचारल्यावर 'चांगला आवाज' हे उत्तर कोण देणार नाही? त्या उत्तरामागे मात्र पुष्कळ वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात: मोबाइल डेटावर गाणं अडखळतं, एक गाणं ओरडतं आणि पुढचं कुजबुजतं, जुन्या गाण्याची कुणीतरी चढवलेली प्रत खरखरते. यांतली एकही ३२० वरून लॉसलेसवर जाऊन सुटत नाही. पहिली तर बिघडते. तीन मिनिटांचं गाणं ३२० किलोबिटला सुमारे ७ एमबी होतं. लॉसलेस त्याच्या दोन-तीन पट जागा सहज घेतं.

मग या प्रकरणात लॉसलेस कुणासाठी होतं? शांत खोलीत वायर लावून बसणाऱ्यांसाठी, आणि त्यांची संख्या कमी आहे म्हणून त्यांचं म्हणणं हलकं ठरत नाही. पैसे भरणाऱ्याला मूळ प्रत मिळावी, ही मागणी ऐकू येण्यावर अवलंबून नाहीच. घोषणा करून साडेचार वर्षं गप्प बसणं म्हणूनच गैर होतं, भले सदस्य वाढत राहिले. पण आवाजाच्या बाबतीत, जे श्रोते जागचे हलले नाहीत त्यांचं फारसं काही बुडलं नाही.

ज्यांचं बुडत होतं ते वेगळेच होते. ॲपमध्ये दर्जा 'ऑटोमॅटिक'वर ठेवून मोबाइल नेटवर्कवर ऐकणाऱ्याला सिग्नल कमजोर झाल्यावर ९६ किंवा त्याहूनही खालची पातळी मिळू शकते, आणि ती पातळी कानाला लागते. वरची पातळी २०२१ मध्येही तिथेच होती, सेटिंगच्या एका पानावर, लॉसलेसची वाट न पाहता निवडता येण्यासारखी.